पुस्तक मीट आणि सांग



आज आपण लेकरांच्या अभ्यासाविषयी बोलू. लहान बालवाडीतल्या नव्हे, पाचवी ते आठवीतल्या लेकरांविषयी. ही वर्षे मोठी अवघड. चौथीपर्यंत पोर गाणी म्हणत, चित्रे काढत शिकते. पाचवीपासून पुस्तके जाड होतात. इतिहास येतो, भूगोल येतो, विज्ञान येते, इंग्रजीची स्पेलिंगे वाढतात. तासागणिक गुरुजी बदलतात. जो तो पोराला सांगतो, "अभ्यास कर." आई सांगते, बाप सांगतो. आम्हीही १९७८ पासून चाळीस वर्षे तेच सांगत आलो. पण अभ्यास करायचा म्हणजे नेमके काय करायचे, हे पोराला कोणी सांगत नाही. ते बिचारे पुस्तक उघडते आणि मोठ्याने वाचत बसते.

गेल्या आषाढातली गोष्ट. आपल्याच साक्षरता वर्गात एक बाई आहेत. वर्ग सुटला, सगळ्या बाया घरी गेल्या, या मात्र मागे राहिल्या. पदर सावरून म्हणाल्या,

"गुरुजी, एक इचारू का? माझा थोरला सहावीत हाय. रोज रातच्याला दहापर्यंत वाचत बसतो. मोठ्यानं वाचतो, शेजारपाजारला ऐकू जातं. आन् पेपरात काय लिहीत न्हाई. त्याचे वडील म्हणत्यात, याला डोकं न्हाई. दसरा झाला की घेऊन जाऊ फडावर, तेवढीच मदत व्हईल. गुरुजी, खरंच डोकं न्हाई का त्याला?"

हे जोडपे दरसाल ऊसतोडीला जाते. आपल्या बीड जिल्ह्यातून किती कोयते बाहेर पडतात ते तुम्हाला ठाऊक आहे. आजवर लेकरे आजीपाशी राहत. आता थोरला फडावर निघाला होता. फडावर गेले की शाळा बुडते. एक वर्ष बुडाली की बहुतेक वेळा ती पुन्हा सुरू होत नाही. हे आम्ही तुम्हाला काय सांगावे? इथे बसलेल्यांपैकी कितीतरी जणांची शाळा अशीच सुटली, म्हणून तर आज या वयात पाटी हाती घ्यावी लागली.

बाईंना आम्ही लगेच उत्तर दिले नाही. कारण असाच प्रश्न आम्हाला पूर्वी एका बापाने विचारला होता. त्याला आम्ही चटकन उत्तर दिले होते, आणि ते चुकले होते.

ती हकिकत सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. आम्ही नवीन नोकरीला लागलो होतो. दहावी झालो होतो, म्हणजे गावाच्या भाषेत मॅट्रिक. त्यावर दोन वर्षे मास्तरकीचे शिक्षण. अंगात मोठा रुबाब. वर्गात एका धनगराचा मुलगा होता. सहावीतच. तोही असाच मोठमोठ्याने वाची. सकाळी विचारले की गप्प. आम्ही छडी मारीत असू, तेव्हा तशी रीतच होती. छडीनेही काही होईना. एक दिवस त्याचा बाप शाळेत आला. त्याने विचारले, "गुरुजी, चालंल का याचं?" आम्ही म्हणालो, "याच्या डोक्यात काही राहत नाही. मेंढरामागे घाला."

बापाने ऐकले. गुरुजींचा शब्द, तो कशाला मोडील?

दोन वर्षांनी माळावर तो मुलगा भेटला. शंभरावर मेंढरे होती त्याच्यापाशी. आम्ही सहज विचारले, "यातले एखादे हरवले तर कळते का रे?" तो हसला. म्हणाला, "मोजावं बी लागत न्हाई गुरुजी. कोण न्हाई ते ध्यानात येतं." प्रत्येक मेंढीचे तोंड त्याला ठाऊक. तिची आई कोण, तिची कोकरे कोणती, तेही ठाऊक. आम्ही चकित झालो. विचारले, "हे तुझ्या ध्यानात राहते कसे?" तो म्हणाला, "सांजच्याला मेंढरं वाघरीत घातली की म्या डोळं मिटून बसतो आन् एकेक आठवतो. जी आठवत न्हाई, तिच्याजवळ जाऊन बगतो. दुसऱ्या दिशी तिच्यावर जास्ती ध्यान ठेवतो."

मंडळी, आम्ही माळावर उभेच राहिलो. अभ्यास कसा करावा हे आम्हाला मास्तरकीच्या शाळेत कोणी इतके नीट सांगितले नव्हते. या पोराने ते मेंढरांच्या बाबतीत आपले आपण शोधून काढले होते. पुस्तकाच्या बाबतीत मात्र आम्ही त्याला एकच गोष्ट करायला लावली होती. वाच, वाच आणि वाच. डोळे मिटून आठव, असे आम्ही कधी म्हणालो नाही.

त्याच संध्याकाळी आम्ही त्याच्या बापाकडे गेलो. म्हणालो, "पोराला परत शाळेत पाठवा." बाप म्हणाला, "गुरुजी, तुमीच सांगितलं हुतं की." आमच्यापाशी त्याला उत्तर नव्हते. पोर शाळेत परत आले नाही.

आता मुद्द्याकडे येऊ. वाचून वाचून लक्षात का राहत नाही?

आठवड्याच्या बाजारात तुम्हाला एखादा माणूस दिसतो. चेहरा ओळखीचा. याला आपण पाहिले आहे, हे पक्के. पण नाव काही केल्या आठवत नाही. तसेच पुस्तकाचे आहे. तोच धडा चार वेळा वाचला की ओळखीचा वाटू लागतो. पोराला वाटते, आले आपल्याला. परीक्षेत पुस्तक समोर नसते. तिथे नाव आठवावे लागते, नुसता चेहरा ओळखून भागत नाही. आणि आठवायची सवय तर पोराने केलेलीच नसते. म्हणून ते कोरा कागद देऊन येते. ते खोटारडे नाही, आळशी नाही. त्याला खरोखरच येते असे वाटत होते.

ही गोष्ट मोठ्या मोठ्या विद्वानांनीही तपासून पाहिली आहे. अमेरिकेत सेंट लुईस नावाचे शहर आहे. तिथल्या विद्यापीठातले रोडिगर आणि कार्पिकी या दोघांनी २००६ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. कॉलेजच्या मुलांना त्यांनी एक उतारा दिला. काही मुलांनी तो चार पाळ्यांत वाचून काढला. काहींनी एकाच पाळीत वाचला आणि पुढच्या तीन पाळ्यांत उतारा बाजूला ठेवून आठवेल तेवढे लिहिले. पाच मिनिटांनी विचारले, तेव्हा नुसते वाचणारे पुढे होते. त्यांना शंभरातल्या ८३ गोष्टी आठवल्या, आठवून लिहिणाऱ्यांना ७१. आठ दिवसांनी पुन्हा विचारले. तेव्हा वाचणाऱ्यांपाशी ४० उरल्या होत्या आणि आठवून लिहिणाऱ्यांपाशी ६१. गंमत अशी की, आपल्याला पुढे चांगले आठवेल असा भरवसा वाचणाऱ्यांनाच जास्त होता.

त्याच शहराजवळ कोलंबिया नावाचे गाव आहे. तिथल्या शाळेतल्या सहावीच्या मुलांवरही हे करून पाहिले. गुरुजी धडा शिकवीत, मग मधून मधून मुलांना लहान लहान प्रश्न विचारले जात आणि लगेच बरोबर उत्तर दाखवले जाई. ज्या गोष्टी अशा विचारल्या होत्या त्या मुलांना पुढच्या परीक्षेत अधिक आठवल्या. हे २०११ साली छापून आले. आम्हाला ते निवृत्तीच्या सुमारास वाचायला मिळाले. वाचताना आम्हाला तो माळ आठवला.

दुसरी गोष्ट पाळीची. कांद्याला पाणी तुम्ही कसे देता? महिन्याचे पाणी एकाच दिवशी सोडून देता का? नाही. पाळीपाळीने देता. वाफा थोडा सुकू देता, मग पुढची पाळी. अभ्यासाचेही असेच आहे. हर्मन एबिंगहाउस नावाचे एक जर्मन पंडित होऊन गेले. त्यांनी अर्थ नसलेली अक्षरे स्वतः पाठ केली आणि ती किती वेळात विसरतात हे मोजले. १८८५ साली त्यांनी त्याचे पुस्तक काढले. त्यांना दिसले की पाठ केलेले तासाभरातच निम्म्याहून जास्त निसटते. पुढे निसटण्याचा वेग कमी होत जातो. आणखी एक गोष्ट दिसली. एकाच दिवशी ६८ वेळा म्हणून जे साधत होते, ते तीन दिवसांत वाटून ३८ वेळा म्हटले तरी साधत होते. म्हणजे कष्ट जवळजवळ निम्मे. परीक्षेच्या आदल्या रात्री जागणारे पोर जास्त कष्ट करते आणि थोडे मिळवते.

आपल्याकडेही हे जुन्या लोकांना उमगले होते. ज्या घरांत शिकलेली माणसे होती तिथे दिवेलागणीला परवचा असे. लेकरे ओळीने बसून पाढे म्हणत. पावकी, निमकी, दिडकी, अडीचकी म्हणत. पुस्तक हातात नसे, आणि हे रोज चाले. दोन्ही गोष्टी बरोबर होत्या. एक खोट होती. पाढा नेहमी ओळीनेच म्हणत. मध्येच "सात आठे किती?" असे विचारले की पोर "सात एके सात"पासून गाडी सुरू करी. म्हणून पाढे विचारायचे तर उलटसुलट विचारावे.

आता त्या बाईंच्या घरी काय केले ते सांगतो.

आम्ही रविवारी संध्याकाळी त्यांच्या ओसरीवर गेलो. पोराला म्हणालो, "तुझी परीक्षा घ्यायला आलो नाही. तुझ्या अभ्यासाची परीक्षा घेऊ." ते आधी भ्यायले. मग त्याला मौज वाटू लागली. इंग्रजीचे दहा नवे शब्द घेतले. कागदावर डाव्या बाजूला मराठी शब्द, उजव्या बाजूला स्पेलिंग. पहिले पाच शब्द त्याने त्याच्या नेहमीच्या रीतीने केले, म्हणजे बघून बघून दहा दहा वेळा लिहिले. दुसरे पाच वेगळ्या रीतीने. स्पेलिंग एकदा नीट बघायचे, कागदाची घडी घालून ते झाकायचे, पाटीवर आठवून लिहायचे, घडी उघडून ताडून पाहायचे. असे तीन तीन वेळा. ही दुसरी रीत त्याला मुळीच आवडली नाही. म्हणाला, "यात लई चुकतं." आम्ही म्हणालो, "चुकू दे."

त्याच रात्री विचारले तर दहाही बरोबर. आजी म्हणाली, "मंग फरक काय पडला?" आम्ही म्हणालो, "आजीबाई, पाच दिवस दम धरा."

पाचव्या दिवशी आईने विचारले. बाईंना इंग्रजी येत नाही. त्यांनी डाव्या बाजूचा मराठी शब्द वाचायचा, पोराने स्पेलिंग लिहायचे आणि घडी उघडून ताडायचे, एवढेच काम. बाईंनी बोट ठेवून वाचले, "बा-जा-र". पोराने लिहिले. सगळे झाल्यावर मोजले. दहा वेळा लिहिलेल्या पाचांपैकी दोन आले. झाकून लिहिलेल्या पाचांपैकी चार आले. पोर पाटीकडे बघतच राहिले. म्हणाले, "मी तर ते धा धा वेळा लिहिलं हुतं!"

एकदा झाले म्हणजे खरे झाले असे नव्हे. शब्द सोपे-अवघड असू शकतात. म्हणून नवे शब्द घेऊन आणखी दोनदा करून पाहिले. एकदा फरक एकाच शब्दाचा पडला, पण झाकून लिहिलेलेच पुढे राहिले. तेव्हा पोराची खात्री पटली. आम्ही सांगून ती पटली नसती. आमच्यासारख्यांचे सांगणे लेकरे दिवसभर ऐकतात आणि सोडून देतात. हे त्याने स्वतः मोजले होते.

एक गोष्ट मात्र जपावी. आठवून सांगितले आणि चुकले, तर बरोबर काय ते तिथल्या तिथे पाहावे. नाहीतर चुकलेलेच पक्के बसते. त्या पोराने एक वही केली. जे चुकले ते तिच्यात लिहायचे आणि पुढच्या वेळी आधी तेच विचारायचे. मेंढपाळ पोराने हेच केले होते, जी मेंढी आठवली नाही तिच्यापाशी जाऊन बसला होता.

मग वेळेची गोष्ट निघाली. आजीचे म्हणणे, पहाटे उठून अभ्यास करावा, पहाटेचे पक्के बसते. आम्हीही हे पुष्कळ वर्षे सांगत होतो. म्हटले, तेही मोजू. आठवडाभर काही धडे पहाटे, काही संध्याकाळी खेळून आल्यावर भाकरी खाऊन. पहाटेचे काहीच धड आले नाही. कारण पोर रात्री दहाला निजत होते आणि साडेचारला उठत होते. बसल्या जागी पेंगत होते. सहा ते बारा वर्षांच्या लेकराला दिवसाकाठी नऊ ते बारा तास झोप लागते, असे डॉक्टर लोक सांगतात. साडेसहा तासांत कसे भागेल? म्हणून संध्याकाळची वेळ ठरली आणि नऊच्या आत अंथरूण.

त्यांच्या शेजारी सातवीतली एक मुलगी आहे. तिनेही हे मोजून पाहिले. तिला सकाळ बरी पडली. आम्ही विचारले, का गं? तर संध्याकाळी तिला पाणी भरायचे, भाकरी थापायच्या, धाकट्याला सांभाळायचे. पुस्तक हाती येईतो डोळे मिटतात. म्हणजे तिची वेळ तिने निवडली नाही, चुलीने निवडली. यात अभ्यासाची रीत काय सुधारणार? तिच्या आईला आम्ही एवढेच म्हणालो, "संध्याकाळचा एक तास पोरीला द्या. मग पुन्हा मोजा." अजून तो तास मिळालेला नाही. आम्ही विचारीत असतो.

इथे एक सावधगिरीचा शब्द सांगतो. आजकाल कोणी कोणी असे सांगते की, काही मुले कानाने शिकतात, काही डोळ्यांनी, काही हातांनी. आपले मूल कोणत्या जातीचे ते ओळखा आणि तसेच शिकवा. ऐकायला बरे वाटते. आम्हालाही वाटले होते. पण २००८ साली अमेरिकेतल्या चार मानसशास्त्रज्ञांनी याविषयी झालेले सगळे काम तपासले. अशी विभागणी करून शिकवल्याने फायदा होतो, याचा पुरेसा पुरावा त्यांना मिळाला नाही. तेव्हा पोराच्या कपाळावर असला शिक्का मारू नये. "हे हाताने शिकणारे आहे" म्हणता म्हणता "याला वाचन जमायचे नाही" असे म्हणायला आपण मोकळे होतो. कोणत्या इंद्रियाचा उपयोग करायचा हे पुष्कळदा विषयच सांगतो. नकाशा हाताने काढल्याशिवाय कळत नाही. कविता कानावर पडली पाहिजे. हे सगळ्याच लेकरांना लागू आहे.

मग लेकरालेकरांत फरक नाही का? आहे की. कोणाला आधी काय येते, कोण कुठे अडते, कोणाला किती वेळ एका जागी बसवते, कोणाला चारचौघांत चुकायची लाज वाटते, यात पुष्कळ फरक आहे. तो बाहेरच्या माणसाला चटकन दिसत नाही. म्हणून तर लेकराने आपले आपण मोजायचे.

या पोराचे गणितात कुठे अडले होते ते असेच सापडले. आम्ही विचारले, "एक तृतीयांश मोठा की एक चतुर्थांश?" ते लगेच म्हणाले, "एक चतुर्थांश. चार मोठे की!" बेरजेचा नियम त्याला पाठ होता. पण अपूर्णांक म्हणजे काय हेच कळले नव्हते. इथे डोळे मिटून आठवण्याचा काही उपयोग नाही. जे समजलेच नाही ते आठवून काय करणार? बाई चुलीपाशी होत्या. त्यांनी दोन भाकरी आणल्या. एकीचे तीन वाटे केले, दुसरीचे चार. पोरापुढे ठेवून म्हणाल्या, "भूक लागलीय ना? यातला कंचा घेशील?" त्याने तिनातला उचलला. मग स्वतःशीच हसला.

आता तुम्ही म्हणाल, गुरुजी, तुम्ही होता म्हणून जमले. आम्हाला आत्ता कुठे अक्षर ओळखू येऊ लागले, आम्ही लेकराचा अभ्यास काय घेणार? बाईंनीही हेच म्हटले होते. "मला कुठं येतंय?" त्यावर जे घडले ते ऐका.

विज्ञानाचा धडा होता. बाष्पीभवनाचा. बाईंनी पुस्तक हातात धरले. प्रश्न सावकाश, जोडाक्षरावर अडखळत वाचला. पोराने पुस्तक न बघता धडाधडा उत्तर दिले. पाण्याची वाफ होण्याच्या क्रियेला बाष्पीभवन म्हणतात. बाईंनी बोट फिरवून ताडले. बरोबर होते. पण त्या तेवढ्यावर थांबल्या नाहीत. म्हणाल्या, "वाफ तर चुलीवर हुती. मग सावलीत वाळत घातलेलं लुगडं कसं वाळतं? तिथं पाणी कुठं उकळतं?"

पोर गप्प. त्याला पाठ होते, पण हे ठाऊक नव्हते. दुसऱ्या दिवशी त्याने शाळेत विचारले. आयुष्यात पहिल्यांदा त्याने वर्गात प्रश्न विचारला, असे त्याच्या वर्गशिक्षकांनी आम्हाला सांगितले. उत्तर घेऊन ते धावत घरी आले. पाणी उकळले नाही तरी त्याच्या वरच्या पृष्ठभागावरून थोडे थोडे वाफ होऊन जातच असते. ऊन असेल, वारा असेल, तर जास्त वेगाने. म्हणून लुगडे पसरून घालतात. पसरले की पृष्ठभाग वाढतो. बोळा करून ठेवले तर दिवसभर ओलेच राहते. बाई म्हणाल्या, "ते मला ठावं हाय. पण का, ते आज कळलं."

मंडळी, आम्ही चाळीस वर्षे शिकवले. असा प्रश्न आम्ही त्या धड्यावर कधी विचारला नव्हता. आम्हाला उत्तर ठाऊक असते, त्यामुळे आम्हाला प्रश्न पडत नाही. ज्याला ठाऊक नाही असा माणूस समोर बसून ऐकू लागला, की सांगणाऱ्याला नीट सांगावे लागते. तुम्ही जोडाक्षरावर अडलात तर लेकरू तुम्हाला ते सांगेल. तुमचेही वाचन होईल. दोघांचे एकाच कंदिलात भागेल. आता वीज आहे म्हणा, पण आपल्याकडे ती संध्याकाळी किती वेळ असते ते तुम्ही जाणताच.

लेकरू अडले तर रागावू नका. "एवढंही येत नाही?" असे म्हणाल, तर ते पुन्हा पुस्तक उघडे ठेवूनच वाचत बसेल; तिथे कोणी चुकत नाही ना! आठवताना डोके जरा दुखते, तोंड कडू होते. ते होऊ द्यावे. आणि हात तर उगारूच नये. शाळेत मारणे आता कायद्यानेच बंद आहे. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यात तसे कलम आहे. घराला तो कायदा लागत नसला, तरी आमच्या छडीने काय साधले ते वर सांगितलेच.

श्रावण गेला, भादवा गेला. सहामाहीचे मार्क आले. फार वाढले असे नाही. विज्ञानात बरे, इंग्रजीत थोडे वर, गणितात होते तिथेच. पण यंदा एकही कागद कोरा नव्हता. पोराच्या वडिलांनी पेपर हातात घेऊन उलटेपालटे केले. त्यांना वाचता येत नाही. वर्गाला या म्हटले तर अजून येत नाहीत. त्यांनी पोराला विचारले, "यात काय लिवलंय?" पोराने पेपर खाली ठेवला आणि न बघता सांगितले. पहिल्या प्रश्नापासून शेवटच्यापर्यंत. कुठे चुकले तेही सांगितले. वडील ऐकत राहिले. मग म्हणाले, "ऱ्हाऊ दे आजीपाशी. यंदाच्या सालाला ऱ्हाऊ दे." पुढच्या सालाचे ते काही बोलले नाहीत.

दसऱ्यानंतर जोडपे गेले. आता प्रश्न आला, पुस्तक कोणी धरायचे? आजीला अक्षर येत नाही. आजी म्हणाली, "मला वाचता न्हाई आलं तरी ऐकता तर येतं." आता संध्याकाळी पोर आजीला धडा सांगते. आजी मध्ये मध्ये "का?" विचारते. सांगून झाल्यावर पोर स्वतःच पुस्तक उघडून ताडते. आणि बाईंनी जाताना एक वही बरोबर नेली आहे. तिच्यात त्यांनी पोराच्या पुस्तकातले प्रश्न आपल्या हाताने उतरून घेतले आहेत. दसऱ्याआधीचे पंधरा दिवस त्या रोज वर्ग सुटल्यावर बसून लिहीत होत्या. अक्षर मोठे आहे, ओळ वाकडी जाते, पण वाचता येते. चार-पाच दिवसांनी, फडावरून कोपीवर आल्या की त्या फोन लावतात आणि वहीतले दोन-तीन प्रश्न विचारतात. उत्तर बरोबर की चूक हे त्यांना वहीत सापडत नाही. त्यांनी उत्तरे लिहूनच नेली नाहीत. म्हणतात, "ताडायचं काम त्याचं."

तशीच वही कोणाला करायची असेल, तर शनिवारी वर्ग सुटल्यावर थांबा. लेकराचे पुस्तक घेऊन या, लेकरालाही आणा. पाने आखून द्यायला आम्ही आहोत. पेन्सिल मात्र आपापली आणा, मागच्या वेळच्या सहा आम्हाला अजून परत मिळालेल्या नाहीत.